गिझर आपोआप बंद होईल का?

प्रश्न : सकाळी घाईत गिझर बंद करायचा राहतो. घर सोडताच तो आयफोनवरून आपोआप बंद होईल का? ऑफिसात पोहोचताच फोनही सायलेंट व्हावा.

उत्तर : दोन्ही जमेल, पण गिझर फोनच्या भरवशावर ठेवू नका. तुम्ही निघालात आणि घरातलं कुणी अंघोळीला गेलं, तर त्यांचं पाणी गार होईल; फोनची बॅटरी संपली तर गिझर चालूच राहील. त्यापेक्षा गिझर स्मार्ट प्लगला जोडून त्याच्या ॲपमध्येच वेळ लावा : सहाला चालू, साडेसहाला बंद.

प्लग मात्र १६ अँपिअरचाच घ्या. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. दिव्यांसाठीचा ६ अँपिअरचा प्लग त्या भाराने तापतो, वितळूही शकतो. ही काटकसर कृपया करू नका. सॉकेट आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

सायलेंटचं काम सोपं. 'शॉर्टकट्स' ॲपमध्ये 'ऑटोमेशन' उघडा, 'अराइव्ह' निवडून ऑफिसचा पत्ता द्या आणि कृती म्हणून फोन शांत ठेवणारा 'सेट फोकस' जोडा. 'रन इमीजिएटली' निवडायला विसरू नका, नाहीतर फोन रोज आधी तुमची परवानगी मागेल. आयओएस १७ किंवा पुढची आवृत्ती असू द्या. 'फोकस'च्या सेटिंगमध्ये घरच्यांचे नंबर परवानगीच्या यादीत टाका, म्हणजे त्यांचा फोन वाजेल. ऑफिसातून निघताना फोकस बंद करणारं दुसरं ऑटोमेशन 'लीव्ह' निवडून करता येतं. तेही लगेच करून टाका.