इंटरनेटवरून जाणारे कागद आणि आपल्या उसाचे पैसे



ऊस गव्हाणीत पडला की आपले काम संपले असे आपण धरतो. काट्यावर वजन झाले, पावती खिशात आली, आता बिल कधी निघते एवढीच वाट. परंतु बिल निघते ते साखर विकून आलेल्या पैशांतून. आणि साखर विकताना कारखाना, व्यापारी, बँक व सरकारी खाती यांच्यामध्ये जे कागद फिरतात ते आता रजिस्टर टपालाने फिरत नाहीत. निविदा, सौद्याचे पत्र, डिलिव्हरी ऑर्डर, बिल, ई-वे बिल, पैसे भरल्याची सूचना, हे सारे इंटरनेटवरून जाते व येते. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात सांगितले आहे. या १४ दिवसांत एखादा कागद वाटेत कुणी बदलला तर काय होईल, याचा विचार सभासदाने करावयास हवा. कुणी म्हणेल, "ते संगणकवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय?" म्हणून आधी हिशेबच मांडू.

समजा, एका व्यापाऱ्याने दहा गाड्या साखर घेतली. गाडीला २५० क्विंटल आणि क्विंटलला ३,६०० रुपये धरले तर एका गाडीचे ९ लाख आणि दहा गाड्यांचे ९० लाख होतात, जीएसटी वेगळा. टनाला ३,००० रुपये धरले तर हे ३,००० टन उसाचे पैसे झाले. एकरी ४० टन उतारा धरा, म्हणजे ७५ एकरांचा ऊस. एवढा पैसा कोणत्या खात्यावर भरावयाचा, हे एका ओळीत लिहिलेले असते. चोराला गोदाम फोडावे लागत नाही. ती एक ओळ बदलली की पुरे.

हा प्रकार कसा चालतो तेही पाहण्यासारखे आहे. चोर प्रथम दोघांपैकी एकाच्या ई-मेलचा पासवर्ड मिळवतो. मिळाल्यावर लगेच काही करीत नाही. आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो. सौदा कितीचा, पत्र कोण लिहितो, पत्राची भाषा कशी, पैसे कोणत्या तारखेला भरावयाचे, हे सर्व त्याला कळते. मग मूळ पत्त्यात एखाद्याच अक्षराचा फरक असलेला नवा पत्ता तो तयार करतो आणि नेमक्या भरण्याच्या दिवशी पत्र धाडतो : आमचे नेहमीचे खाते लेखापरीक्षणासाठी तात्पुरते बंद आहे, रक्कम खालील खात्यावर भरावी. पत्राच्या माथ्यावर कारखान्याचे चिन्ह, खाली सही, मजकूर तंतोतंत कारखान्याचा. घाईत असलेला माणूस पैसे भरून मोकळा होतो.

कारखाना पैसे आल्याशिवाय साखर सोडत नाही, तेव्हा बुडाला तो व्यापारी, असे म्हणाल. पण व्यापारी म्हणतो, तुमच्याच पत्रावरून भरले. तक्रार होते, सौदा अडतो, साखर गोदामात पडून राहते आणि तिच्यावर बँकेचे व्याज चालू राहते. उलट बाजूही आहेच. बारदान, गंधक, यंत्राचे सुटे भाग यांचे पैसे कारखाना भरतो. तेथे खोटे पत्र आले तर नुकसान थेट आपल्या पदरी.

आता यावर उपाय काय ते समजून घेऊ. कोणत्याही कागदाबद्दल चार गोष्टी विचाराव्या लागतात. हा ज्याने पाठवला म्हणतो त्यानेच पाठवला का? वाटेत बदल झाला का? तिऱ्हाईताने वाचला का? आणि पोचल्यावर "मिळालाच नाही" असे समोरचा म्हणू शकेल का? साध्या ई-मेलला या चारही प्रश्नांचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. पाकिटावर पाठवणाराचे नाव कुणीही लिहू शकतो, तसेच इथेही. आता बहुतेक मोठ्या ई-मेल सेवा पत्र एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यापर्यंत झाकून नेतात हे खरे. पण ठाण्यात ते उघडे होते, आणि पासवर्ड चोराकडे असेल तर झाकण्याचा उपयोग काय?

दोन किल्ल्यांचे कुलूप

पूर्वीच्या गुप्त लिपीत एकच किल्ली असे. पाठवणाराने त्या किल्लीने मजकूर बंद करावयाचा, घेणाराने तिनेच उघडावयाचा. मग ती किल्ली दोघांकडे आधी पोचवायची कशी, हाच मोठा प्रश्न होता. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन वेगळ्या किल्ल्यांची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी गणिती रीत काढली. त्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. प्रचंड मोठे दोन अविभाज्य आकडे घेऊन त्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून मूळ आकडे शोधणे अतिशय अवघड, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे.

गावातली टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या फटीतून पत्र कुणालाही टाकता येते. बाहेर काढायचे तर टपालवाल्याकडचीच किल्ली लागते. उघडी किल्ली म्हणजे ती फट : ती सर्वांना वाटून द्यावी. खाजगी किल्ली ज्याची त्याने जपावी. व्यापाऱ्याला गुप्त पत्र पाठवायचे तर त्याच्या उघड्या किल्लीने बंद करावयाचे, मग ते तोच उघडू शकतो. सही करताना हेच उलटे होते. आपल्या खाजगी किल्लीने आपण सही करावयाची, आणि आपल्या उघड्या किल्लीने जगातील कुणीही ती तपासून घ्यावी.

सही संपूर्ण कागदावर होत नाही, कागदाच्या ठशावर होते. मजकूर कितीही लांब असो, संगणक त्यापासून ठराविक लांबीचा एक ठसा काढतो. काट्यावर मोळीतला एक ऊस काढून तेवढ्याच वजनाचा दुसरा घातला तर काटा फसतो. हा ठसा फसत नाही. खाते क्रमांकातला एक आकडा बदलला की ठसा पार वेगळा येतो आणि सही जुळत नाही. म्हणजे एकाच सहीने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात.

परंतु ही उघडी किल्ली त्या व्यापाऱ्याचीच, हे सांगणार कोण? त्यासाठी प्रमाणपत्र असते. आपल्याकडे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. या कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीसारखी मान्यता दिली आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख करण्यासाठी केंद्र सरकारचा नियंत्रक नेमला. या परवानाधारक संस्था कागदपत्रे व ओळख तपासून प्रमाणपत्र देतात. खाजगी किल्ली बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली असते. तेल कंपन्यांना इथेनॉल पुरवण्याच्या निविदा भरताना आणि निर्यातीच्या मालाची कागदपत्रे कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर देताना असे टोकन लागते.

इथे स्पष्टच लिहितो. अनेक संस्थांतून हे टोकन साहेबांच्या खिशात नसते, कारकुनाच्या टेबलाच्या खणात असते आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेला असतो. साहेब दौऱ्यावर असले तरी निविदा भरली जावी म्हणून ही सोय. याला सोय म्हणता येणार नाही, हे कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ठेवणे झाले. कायद्याच्या दृष्टीने ती सही साहेबांचीच. ज्याला अधिकार द्यावयाचा त्याच्या नावाने ठरावाने वेगळे टोकन घ्यावे, खर्च फारसा येत नाही.

पोच

चौथा प्रश्न पोचेचा, आणि काट्यावर ऊस घालणाऱ्या माणसाला तो अधिक समजवायला नको. गाडी आत गेली पण पावती हातात नसेल तर आपण रात्रभर काट्यापाशी बसून राहू. व्यापारी कागदांच्या बाबतीत ही पोच पक्की करण्याची रीत बरीच फिरून आलेली आहे. १९४८-४९ मध्ये बर्लिन शहराची नाकेबंदी झाली तेव्हा सारा माल विमानाने पोचवावा लागला. मालाच्या याद्या निरनिराळ्या नमुन्यांत व भाषांत येऊ लागल्या तेव्हा अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी तारयंत्रावरून वा टेलिफोनवरून पाठवता येईल असा एकच नमुना बसवला. पुढे संगणकाकडून संगणकाकडे ठराविक नमुन्यात कागद पाठवण्याची पद्धत त्यातूनच वाढली. १९८७ मध्ये तिचा एडिफॅक्ट हा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. बरीच वर्षे हे कागद मधल्या खाजगी जाळ्यांमार्फत जात आणि ती जाळी अक्षरांच्या संख्येवर पैसे आकारीत. इंटरनेट स्वस्त झाल्यावर तोच माल उघड्या रस्त्याने नेता येईल का, असा विचार आला. त्यातून एएस-टू ही रीत निघाली. २००२ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानदार कंपनीने आपल्या पुरवठादारांना ती वापरावयास लावली, तेव्हा तिचा झपाट्याने प्रसार झाला. २००५ मध्ये तिचे नियम रीतसर प्रसिद्ध झाले.

तिची चाल अशी. पाठवणारा संगणक बिलावर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो आणि घेणाराच्या उघड्या किल्लीने ते बंद करून सोडतो. घेणारा संगणक ते उघडतो, सही तपासतो, आलेल्या मजकुराचा ठसा काढतो आणि तो ठसा पोचपावतीत घालून त्या पावतीवर स्वतःची सही करून परत पाठवतो. पाठवणारा दोन्ही ठसे ताडून पाहतो. जुळले, म्हणजे कागद पोचला, पूर्ण पोचला आणि जसाच्या तसा पोचला. आता "मिळाला नाही" किंवा "आम्हाला दुसराच आकडा आला होता" असे म्हणण्यास जागा राहत नाही. यात एक अडचण नेहमी येते. प्रमाणपत्राला मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी दोघांनी नवी प्रमाणपत्रे एकमेकांना दिली नाहीत तर ऐन हंगामात कागद नाकारले जातात. नवे प्रमाणपत्र आल्यावर त्याचा ठसा टेलिफोनवरून ओळखीच्या माणसाकडून पडताळून घ्यावा, नाहीतर चोर आपलेच प्रमाणपत्र पुढे करील.

आपल्यासारख्या कारखान्याला एएस-टू लगेच लागेलच असे नाही. मोठा खरेदीदार मागेल तेव्हा पाहता येईल. पण सहीच्या कागदाची सवय सरकारने आधीच लावली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरील उलाढालीच्या उद्योगांना जीएसटीचे ई-बिल सक्तीचे झाले. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. बिलाची माहिती पोर्टलवर गेली की ६४ अक्षरांचा क्रमांक व सही केलेला क्यूआर चौकोन मिळतो. हा क्रमांकही ठसाच आहे. विकणाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार व बिलाचा क्रमांक यांपासून तो निघतो. व्यापाऱ्याने चौकोन अधिकृत ॲपने तपासला की बिल खरे का खोटे ते कळते. मात्र एक ध्यानात ठेवावे : ही तपासणी बिलाची आहे, बिलाखाली छापलेल्या बँक खात्याची नव्हे. ती ओळ अजून माणसानेच सांभाळायची आहे.

म्हणून वार्षिक सभेत अहवाल हातात आला की सभासदाने संचालक मंडळास हे जरूर विचारावे. बँक खाते बदलल्याचे पत्र आले तर आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर, म्हणजे त्या पत्रातल्या नंबरवर नव्हे, फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असा लेखी नियम आहे का? खाते बदलास दोन अधिकाऱ्यांची संमती लागते का? ई-मेलला पासवर्डखेरीज दुसरे कुलूप आहे का? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड कधी बंद केला?

राहता राहिला आपला स्वतःचा मोबाइल. बिलाच्या दिवसांत "आपले ऊस बिल अडकले आहे, खालील लिंक दाबून केवायसी करा" असा निरोप आला तर दाबू नका, गट कार्यालयात विचारा. पैसे येण्यासाठी ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिनही लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना. चुकून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, उद्यावर ढकलू नये. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकवली जाण्यापूर्वी खबर पोचली तरच ती बँकेकडून रोखून धरता येते. हा क्रमांक पावतीच्या पाकिटावर लिहून ठेवा आणि घरातल्या मंडळींनाही सांगा.