‘सीक्यू जांबोरी’ म्हणणाऱ्या मुलांचं पुढे काय?

आठवी-नववीतलं मूल स्काउटच्या गणवेशात वायरलेस संचापुढे बसून परदेशातल्या मुलाशी बोलतंय, हे पाहून आईबाबांना कौतुक वाटतं. पाठोपाठ काळजीही येते: यातून पुढे मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. सरळ सांगायचं तर नुसत्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यावर कुणी नोकरी देत नाही. तरीही दहावीच्या आधी मुलाला ही गोडी लागली, तर ती मोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

1957 साली ब्रिटनमध्ये जागतिक स्काउट मेळावा झाला. तिथे जमलेली मैत्री घरी गेल्यावरही रेडिओवरून टिकवता येईल, असं लेस मिचेल या हौशी रेडिओचालकाला वाटलं आणि 1958 मध्ये ‘जांबोरी ऑन द एअर’ सुरू झाली. दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास जगभरचे स्काउट-गाइड परवानाधारक हॅमच्या देखरेखीखाली एकमेकांना हाका मारतात.

यात शिकण्यासारखं काय असतं, ते शाळेच्या गच्चीवर दिसतं. 14 मेगाहर्ट्झच्या अँटेनासाठी दोन बाजूंना साधारण पाच-पाच मीटर तार ताणायची. लांबी थोडी चुकली तरी संच कुरकुरतो. मग तार कापायची, पुन्हा मोजायची. तरंगलांबीचं सूत्र इथे हाताला कळतं. खाली संचावर ‘सीक्यू जांबोरी’, म्हणजे ‘जांबोरीतलं कुणी ऐकतंय का?’ अशी हाक जाते. खरखरीतून एखादा आवाज उमटतो, विरतो, पुन्हा येतो. समोरच्याचं सांकेतिक नाव एकेक अक्षर करून लिहून घ्यायचं, आवाज कसा येतोय ते कळवायचं, वेळ वहीत नोंदवायची. दुपारी लागलेला देश रात्री लागत नाही. तो का लागत नाही, हे विचारणारं मूल आयनांबरापर्यंत आपणहून पोचतं. पाठ्यपुस्तकातला तो परिच्छेद मग त्याला पाठ करावा लागत नाही.

स्वतःचा परवाना हवा असेल तर वयाची 12 वर्षं पूर्ण लागतात आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. त्यात रेडिओचं तंत्र आणि नियम, असे दोन भाग असतात. सातवी-आठवीचं विज्ञान पक्कं असलेल्या मुलाला ती जड नाही.

पुढच्या वाटा आपल्या छत्रपती संभाजीनगरातूनच निघतात. दहावीनंतर उस्मानपुऱ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदविका करता येते. बारावीनंतर याच विषयात अभियांत्रिकी आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या नाइलिट या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम आहेत. सैन्याची ओढ असेल तर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची एसपीआय शहरातच आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. सैन्याचं सिग्नल कोअर, पोलिसांचा बिनतारी विभाग, जहाजावरची संदेशयंत्रणा, उपग्रहांचं काम, या सगळीकडे तारेवर हात बसलेला माणूस लागतो. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते, पण त्यासाठी स्काउटिंगमधले वरचे पुरस्कार लागतात. म्हणून प्रमाणपत्रं शाळेकडे न ठेवता आपल्याजवळ जपा.

मराठवाड्याला या छंदाचं मोल वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा हॅम मंडळींनी आपले संच घेऊन भूकंपग्रस्त भागातून निरोप पोचवले. शांतपणे ऐकणं, नेमकं बोलणं आणि ऐकलेलं जसंच्या तसं पुढे देणं ही त्यांची सवय होती, आणि मुलांना ती रेडिओवरच्या गप्पांतूनच लागते.

पालकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलाने घरचा पत्ता किंवा फोन नंबर हवेत सांगू नये, कारण ते बोलणं कुणालाही ऐकू जातं. दुसरं, परवाना हातात येईपर्यंत महागडा संच घेऊ नये. विनापरवाना संच चालवणं गुन्हा आहे, आणि ऐकायला साधा शॉर्टवेव्ह रेडिओही पुरतो. शाळेतल्या स्काउटमास्तरांना मात्र ऑगस्टमध्येच गाठा; ऑक्टोबरच्या जांबोरीसाठी एखादा परवानाधारक हॅम शोधायला आणि शाळेची परवानगी मिळवायला तेवढा वेळ लागतोच.