खोली मोजा, मग लेन्स घ्या



घरात बाळ आले की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न निघतो : "बाळाचे फोटो काढायचे आहेत, कोणती लेन्स घ्यावी?" आम्हाला तो वरचेवर विचारला जातो. उत्तर देताना आम्ही प्रथम आमचीच फजिती सांगतो.

गेल्या एका पावसाळ्यात आमच्या घरी बारसे झाले. महूतील जुने घर, माजघरात एकच खिडकी, बाहेर धो धो पाऊस. नव्वदी ओलांडलेल्या पणजीच्या मांडीवर पणती ठेवली आणि आम्ही कॅमेरा सरसावला. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८ ते ५५ मि.मी.ची झूम लेन्स लावलेली होती. जागा कमी, म्हणून आम्ही १८ मि.मी. ठेवून अगदी जवळ गेलो. फोटो पाहून पणजी म्हणाली, "अगंबाई, हे नाक माझं नव्हे!" सगळे हसले. मग आम्ही मागे सरकून ५५ मि.मी.वर दुसरा फोटो काढला. त्यात नाक बरोबर आले, पण बाळाचा हात आणि पणजीचा चेहरा दोन्ही पुसट झाले. तेवढ्यात बाळ रडू लागले आणि जेवणाची पाने मांडली गेली. पुढे पौषात पणजी गेली. त्या दोघींचे आमच्याकडे एवढे दोनच फोटो आहेत : एकात नाक मोठे, दुसऱ्यात चेहरा पुसट.

चूक कॅमेऱ्याची नव्हती, आमची होती. ती कोठे झाली ते पाहू.

चेहरा बिघडतो तो अंतराने

"कमी मि.मी.ची लेन्स चेहरा वाकडा करते" असे सर्रास म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. नाक आणि कान यांचे एकमेकांशी प्रमाण लेन्स ठरवत नाही. आपण किती अंतरावर उभे आहोत, त्यावर ते ठरते.

मोठ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १० सें.मी. धरा. कॅमेरा नाकापासून ३० सें.मी.वर असेल तर कान ४० सें.मी.वर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४०/३० पट, सुमारे ३३ टक्के मोठे दिसते. तोच कॅमेरा १५० सें.मी.वर नेला तर प्रमाण १६०/१५० होते. फरक जेमतेम ७ टक्के राहतो आणि डोळ्यांना खटकत नाही. म्हणून मोठ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी सुमारे दीड मीटर अंतर ठेवावे.

कमी मि.मी.च्या लेन्सचा दोष एवढाच, की तिच्यात खूप काही मावते. चौकट भरण्यासाठी आपण नकळत जवळ जातो, आणि नाक वाढते. मोबाइलचेही तसेच आहे. त्याचा मुख्य कॅमेरा रुंद पाहणारा असतो. ज्या मोबाइलमध्ये दोन किंवा तीन पटींची वेगळी लेन्स आहे, त्यात ती निवडून दोन पावले मागे उभे राहावे.

बाळाच्या बाबतीत थोडी सूट मिळते. त्याचे डोके लहान, नाकापासून कानापर्यंत साधारण ६ सें.मी. त्यामुळे ६० सें.मी.वरून बाळाचा चेहरा जेवढा बदलतो, तेवढा मोठ्या माणसाचा एक मीटरवरून बदलतो. बाळाच्या जवळ जाता येते. पणजी आणि बाळ एकत्र असतील तर मात्र अंतर पणजीच्या हिशेबाने ठेवावे. आम्ही तेथेच चुकलो.

मग लेन्स कोण ठरवते? खोली!

अंतर ठरले की उरलेला प्रश्न सोपा आहे : त्या अंतरावरून चौकटीत किती मावले पाहिजे?

पुष्कळ हौशी कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' मापाचा सेन्सर असतो, सुमारे २३.५ × १५.६ मि.मी.चा. विज्ञानाच्या तासाला शिकलेले समरूप त्रिकोण येथे कामी येतात :

चौकटीची रुंदी = सेन्सरची रुंदी × अंतर ÷ लेन्सचे नाभीय अंतर

आजी, आई आणि मांडीवरचे बाळ, एवढे मावायला १.२ मीटर रुंदी लागते असे धरू. मग मागे किती सरकावे लागेल?

३५ मि.मी.च्या लेन्सने : सुमारे १.८ मीटर
५० मि.मी.च्या लेन्सने : सुमारे २.५ मीटर
८५ मि.मी.च्या लेन्सने : सुमारे ४.३ मीटर

आता आमचे माजघर पाहा. लांबी १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर. एका टोकाला कपाट, दुसऱ्या टोकाला पलंग. फोटो काढणाऱ्याला दोन मीटर मिळाले तरी खूप. ८५ मि.मी. ही चेहऱ्यासाठी नावाजलेली लेन्स आहे, पण या खोलीत ती लावली तर आम्हाला भिंतीत शिरावे लागेल! मंगल कार्यालयात, मैदानावर किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात तीच लेन्स उत्तम.

'फुल फ्रेम' म्हणजे ३६ × २४ मि.मी. सेन्सरचा कॅमेरा असेल तर वरील आकडे सुमारे दीडपट करून घ्यावेत. ३५ च्या जागी ५०, आणि ५० च्या जागी ७५ ते ८५ मि.मी.

दुसरी चूक : प्रकाश

दुसरा फोटो पुसट का आला? लेन्सच्या नावात मि.मी.शेजारी आणखी एक आकडा असतो, एफ/१.८ किंवा एफ/५.६ असा. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० मि.मी.च्या लेन्सला एफ/१.८ वर तो सुमारे २८ मि.मी. असतो, एफ/५.६ वर सुमारे ९ मि.मी. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पहिल्या छिद्रातून जवळजवळ दहापट प्रकाश येतो.

आमची झूम लेन्स ५५ मि.मी.ला एफ/५.६ च्या पुढे उघडत नव्हती. त्या अंधाऱ्या माजघरात शटर १/२० सेकंद उघडे राहिले. तेवढ्यात बाळाचा हात हलला आणि आमचाही. एफ/१.८ ची लेन्स असती तर तेच काम १/२०० सेकंदात झाले असते. झोपलेल्या बाळाला १/१२५ पुरते, हातपाय झाडणाऱ्याला १/२५० किंवा त्याहून कमी वेळ हवा. अशा ठिकाणी झूम नसलेली, एकाच नाभीय अंतराची लेन्स सरस ठरते. मोठे छिद्र तिच्यात स्वस्तात मिळते.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या काळात माणसाला कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी गणित करून खास माणसांच्या फोटोसाठी लेन्स आखली. तिचे छिद्र सुमारे एफ/३.६ एवढे मोठे होते. ती आल्यावर मिनिटांचे काम सेकंदांवर आले. तरीही बाळे काही स्थिर बसेनात. त्या काळच्या काही विलायती फोटोंत आई कापडाखाली लपून बाळाला धरून बसलेली दिसते!

आपल्या इंदूरचाही या इतिहासात वाटा आहे. लाला दीनदयाल (१८४४–१९०५) हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि तेथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. समोरचे माणूस मोकळे झाल्याशिवाय भिंग कितीही चांगले असले तरी उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मोठ्या छिद्राची किंमत

छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ५० मि.मी., एफ/१.८, एक मीटर अंतर, एवढ्यावर तो पट्टा जेमतेम ३ सें.मी. असतो. बाळाचा डोळा स्पष्ट आणि कान धूसर. एकट्या बाळाला ते गोड दिसते. पण आजीच्या मांडीवरचे बाळ टिपताना आजी धूसर झाली तर काय उपयोग? तेथे ३५ मि.मी.च्या लेन्सने १.८ मीटरवरून एफ/४ ठेवावे. पट्टा सुमारे ४० सें.मी. होतो आणि दोघीही त्यात बसतात. त्यासाठी लागणारा जादा प्रकाश खिडकीजवळ बसवून मिळवावा. तेवढ्याने भागले नाही तर आयएसओ वाढवावा. थोडे दाणेदार आले तरी चालेल, पुसट नको.

बाळाची काळजी आधी

१. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असल्याशिवाय बाळाच्या वर वाकू नये. पाळण्यावर कॅमेरा धरून फोटो काढण्याचा मोह टाळावा.
२. फोटोसाठी बाळाला विशिष्ट 'पोज'मध्ये बसवू नये. मान आईच्याच हातात असावी.
३. तोंडासमोर फ्लॅश मारण्यापेक्षा खिडकीचा प्रकाश बाजूने घ्यावा. फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल दिसणे नेहमीचे आहे. पण एकच बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी चमकली तर फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. क्वचित ते डोळ्यातील गंभीर आजाराचे लक्षण असते.
४. लेन्सला पावसाळ्यात बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत जाळी दिसते का ते पाहावे.

खरेदीपूर्वी हे करा

दुकानात जाण्याआधी घरची झूम लेन्स ३५ वर ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तेवढीच वापरा. पुढचा आठवडा ५० वर. कोणत्या आठवड्यात तुमची पाठ भिंतीला कमी वेळा टेकली, ते पाहा. उत्तर घरातच मिळेल आणि त्याला पैसे पडणार नाहीत. आम्ही तसे केले आणि ३५ मि.मी., एफ/१.८ घेतली. मोठे अंगण किंवा गच्ची असलेल्यांना ५० अधिक सोयीची ठरेल. एकट्या बाळासाठीही ५० चांगली.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. अशी एक साधी लेन्स शाळेच्या कॅमेऱ्यासाठी घ्यावी. प्रकाशाचा धडा मुले तिच्यावर शिकतील, आणि वार्षिक अंकातील आपल्या सर्वांची नाकेही जागच्या जागी राहतील.

स्वाध्याय

१. मित्राचा चेहरा ३० सें.मी. व १५० सें.मी. अंतरावरून टिपा. दोन्ही फोटोंत चेहरा सारखाच मोठा होईल असे कापून शेजारी ठेवा. काय बदलले?
२. तुमच्या घरातील ज्या खोलीत सगळे बसतात ती फुटपट्टीने मोजा आणि वरील सूत्राने तिच्यासाठी लेन्स काढा.
३. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल यांचा एकत्र फोटो या आठवड्यात काढा. लेन्स नसली तरी चालेल, मोबाइल पुरे. खिडकीजवळ बसवा, दोन पावले मागे या, आणि एकावर न थांबता दहा फोटो काढा.

तिसरा प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकू नये. आम्ही पुन्हा नीट काढू म्हणून टाकला होता.