सुट्या भागांची सायकल : मापनाचा एक धडा



इयत्ता : ६ वी व ७ वी
विषय : गणित, विज्ञान, कार्यानुभव
तासिका : ५ (शेवटची दुकानात)
साहित्य : मापनटेप, फूटपट्टी, खडू, दोरा, वही, घरातल्या दोन-तीन सायकली

सध्या मुलांच्या हातात मोबाइल आला की एक व्हिडिओ हमखास दिसतो. छोटी चाकं, उंच हँडल, ना मडगार्ड ना कॅरिअर, आणि सायकलसकट हवेत उडी. हीच बीएमएक्स, म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. मग घरात हट्ट सुरू होतो. काही मुलांना तर तयार सायकल नकोच असते. "फ्रेम वेगळी आणू, चाकं वेगळी आणू, आपण जोडू," असं त्यांचं म्हणणं. पालक विचारतात, असं जमतं का?

जमतं. पण सायकल जोडणं हे पान्ह्याचं काम नंतर, आधी मापाचं काम आहे. आपल्या पेपरात उत्तर थोडं चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. सायकलचा भाग तसे गुण देत नाही. तो बसतो, नाहीतर बसत नाही. म्हणून हा हट्ट मोडून काढण्याऐवजी त्याचा धडा करावा, असं मला वाटतं. सायकल विकत घेतली नाही तरी धडा पुरा होतो.

थोडी पार्श्वभूमी

बीएमएक्स हा प्रकार १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पोरांनीच सुरू केला. मोटारसायकलच्या शर्यती बघून ती आपल्या २० इंची सायकली मातीच्या मैदानात पळवू लागली. साध्या सायकली धक्के खाऊन मोडायच्या, मग मुलं हँडल बदल, चिमटा बदल, चाक बदल असं करत गेली. म्हणजे सुटे भाग जुळवणं हे या सायकलच्या जन्मातच आहे. पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आली, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कसरतींचा प्रकारही आला.

आपल्याकडचं उदाहरण तर आष्ट्याहून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत, म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक. बंधू रामचंद्ररावांबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची मानतात, ती या दुकानापासून. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगराकडे गेले. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे.

त्याच १९०३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत राइट बंधूंनी विमान उडवलं. तेही सायकलचे दुकानदार. त्यांच्या विमानाचे पंखे फिरत होते ते दात्यांच्या चक्रांवर आणि साखळीवर. मुलांना हे जरूर सांगा. सायकल दुकानाकडे बघायची त्यांची नजर बदलते.

तासिका १ : दोन विसांची गोष्ट

प्रत्येकाने घरच्या सायकलच्या टायरवर काय छापलंय ते वहीत उतरवून आणायचं. फळ्यावर सगळ्यांची यादी करा. बहुतेक वेळा दोन प्रकार दिसतात. काहींवर २० × २.१२५ असा दशांश असतो, काहींवर २० × १ ३/८ असा अपूर्णांक. दोन्ही २० इंचीच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. २० हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज आहे. टायर रिमवर जिथे टेकतो तिथला व्यास पहिल्या प्रकारात ४०६ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात ४५१ मिलिमीटर. फरक ४५ मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. बीएमएक्सला ४०६ लागतं.

आता वर्गाला कोड्यात टाका. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ हे टायर सारखेच का? वहीत १.७५ = १ ३/४ अगदी बरोबर. पण टायरच्या जगात पहिल्याचं रिमचं माप ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचं ५७१. संख्या समान असल्या तरी वस्तू समान असेलच असं नाही. आकडा नेमकं काय मोजतो, हे आधी विचारावं लागतं. बऱ्याच टायरांवर ५७-४०६ अशी आकड्यांची जोडी बारीक छापलेली असते. त्यातला तीन अंकी आकडा शोधायची सवय लावा. पालकांनीही ऑनलाइन टायर मागवताना हाच आकडा बघावा.

तासिका २ : दात्यांचं गुणोत्तर

सहावीचं गुणोत्तर इथे हाताला लागतं. पुढच्या चेनव्हीलच्या एका दात्यावर खडूची खूण करा आणि दाते मोजा. मागच्या चक्राचेही मोजा. जुन्या पद्धतीच्या बीएमएक्सला पुढे ४४ आणि मागे १६ दाते असत. ४४ : १६ म्हणजे ११ : ४, म्हणजेच २.७५. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. आजच्या बीएमएक्सला पुढे २५ आणि मागे ९ दाते असतात. २५ ÷ ९ = २.७८. दाते निम्म्यावर आले, पण गुणोत्तर जवळजवळ तेच राहिलं. मग फायदा काय? मुलांना विचार करू द्या. चक्र लहान झालं की वजन कमी होतं, साखळी आखूड लागते, आणि कट्ट्यावरून उडी मारताना चेनव्हील खाली आपटत नाही.

तासिका ३ : मैदानावर परीघ

२० इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर. ५०.८ × ३.१४ = १५९.५ सेंटिमीटर. चाकाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.६ मीटर जाते. गुणोत्तर २.७५ धरलं तर पायडलच्या एका फेऱ्यात ४.३९ मीटर. २८ इंची काळ्या सायकलचा परीघ येतो २२३.३ सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला छोटं चाक सुमारे ६२७ वेळा फिरेल, मोठं चाक ४४८ वेळा.

हे वहीत झालं की मैदानात जा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून एक फेरा मोजा. एकदा नुसती सायकल ढकलून, एकदा मुलाला वर बसवून. दोन मापं थोडी वेगळी येतील, कारण वजनाने टायर दबतो. हिशेबाचं उत्तरही नेमकं जुळणार नाही, कारण २० हा आकडाच ढोबळ आहे हे आपण पहिल्या तासिकेला पाहिलंय. फरक लपवायचा नाही, त्याचं कारण लिहायचं.

तासिका ४ : आरे, आटे आणि भोकं

बीएमएक्सच्या चाकाला साधारणपणे ३६ आरे. हबच्या एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला १८. त्यातले निम्मे आतून घातलेले, निम्मे बाहेरून. म्हणजे नऊ-नऊचे चार गट. रिमवर दोन आऱ्यांमधला कोन ३६० ÷ ३६ = १० अंश. आजोबांच्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ३२ + ४० = ७२ आणि ३६ + ३६ = ७२. बेरीज तीच, वाटणी वेगळी. का? माणसाचं आणि कॅरिअरवरच्या पोत्याचं वजन मागच्या चाकावर जास्त येतं. हे उत्तर वर्गातलं कुणीतरी मूल देतंच.

मग आटे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता पायडल ढिलं होऊन निघेल. पायडलच्या दांड्याची जाडी दोन प्रकारची असते : १/२ इंच आणि ९/१६ इंच. मोठं कोणतं? १/२ = ८/१६, म्हणून ९/१६ मोठं. फरक १/१६ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने पायडल बसत नाही, आणि जोर लावून बसवलं तर क्रँकचे आटे कायमचे जातात.

१/२ इंची पायडल लागतं ते एकसंध क्रँकला. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच सळईचे वळवलेले असतात, तो हा प्रकार. अमेरिकेत त्याला अ‍ॅश्टाब्युला क्रँक म्हणतात, कारण तो मूळचा ओहायो राज्यातल्या त्या नावाच्या गावचा. नावात आपलं आष्टा ऐकू येतं म्हणून मुलांना गंमत वाटेल. नातं काही नाही, पण नकाशात गाव शोधायला निमित्त मिळतं.

क्रँकसाठी फ्रेमला असलेलं भोकही वेगवेगळ्या मापांचं येतं. 'अमेरिकन' पद्धतीचं ५१.३ मिलिमीटर, आजच्या बीएमएक्समधलं 'मिड' ४१.२ मिलिमीटर. मोठ्या भोकात कडं घालून ते लहान करता येतं, लहान भोक मोठं करता येत नाही. मागच्या चाकाचा ॲक्सल बीएमएक्समध्ये १४ मिलिमीटर जाड असतो. साध्या फ्रेमच्या १० मिलिमीटरच्या खाचेत तो जाणार नाही.

म्हणून खरेदीचा क्रम असा : आधी फ्रेम, मग फ्रेमच्या मापांचा चिमटा, चाकं आणि क्रँक, त्यानंतर हँडल आणि सीट, साखळी सगळ्यात शेवटी. साखळी किती लांब लागेल हे बाकी सगळं बसल्यावरच कळतं.

तासिका ५ : दुकानात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस गावातल्या सायकल दुकानाला द्या. छर्रे आणि ग्रीस भरणं, चाकाचा आउट काढणं, साखळीचा ताण बघणं ही कामं मुलांनी जवळून पाहावीत. आउट काढताना मिस्त्री एका बाजूचा आरा घट्ट करतात, समोरचा ढिला करतात, चाक फिरवून कानाने आणि डोळ्याने अंदाज घेतात. त्यांना आधी भेटून वेळ ठरवा आणि मुलांसमोर त्यांची ओळख 'आजचे शिक्षक' म्हणून करून द्या. त्यांचा वेळ मोडतो, त्याचा मोबदला शाळेने द्यावा.

पालकांसाठी

पैसे देण्याआधी मुलाकडून तक्ता मागा : भाग, माप, कशाला जुळायला हवा, किंमत, बसवण्याची मजुरी. तक्ता पूर्ण झाल्याशिवाय एकही भाग मागवायचा नाही. बऱ्याचदा तक्ता भरतानाच मुलाला कळतं की सुटे भाग तयार सायकलपेक्षा महाग पडतात. मग जुनी २० इंची सायकल दुरुस्त करायचा विचार त्याच्याच डोक्यात येतो. जुनी घेताना फ्रेमचे वेल्डिंगचे सांधे, चिमटा आणि हँडल नीट बघा. तडा किंवा खोल गंज दिसला तर तो भाग वापरू नका.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड नाही. व्हिडिओतल्या बऱ्याच सायकलींना ब्रेक नसतात, आपल्या सायकलला हवेतच. आणि हेल्मेट. बीएमएक्स ही मैदानातली सायकल आहे. तिची सीट खाली असते, लांब चालवली की गुडघे भरून येतात. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. अशा रस्त्याने रोज शाळेला यायला ती योग्य नाही.

नोंद कशी करावी

या उपक्रमाला लेखी चाचणी लावू नका. मुलासमोर दोन टायर, दोन पायडल आणि एक फ्रेम ठेवा आणि विचारा : यातलं काय कशाला बसेल, आणि तू ते कशावरून ठरवलंस? उत्तर हातात टेप घेऊनच द्यायचं.

आपल्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते की पेपरात अपूर्णांकाची बेरीज चुकते, पण रविवारी दुकानात बसून पंक्चर काढते. अशा मुलांच्या वर्णनात्मक नोंदीत आपण 'सरावाची गरज आहे' एवढंच लिहून मोकळे होतो. या पाच तासिकांनंतर त्याच पानावर आणखी एक ओळ लिहिता येईल : 'माप घेऊन भाग जुळवते, न जुळण्याचं कारण सांगते.' ती ओळ पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा.