सेरोटोनिनची टाकी

सेरोटोनिन हे मज्जापेशींमध्ये निरोप नेणारे रसायन असून अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासून शरीर ते तयार करते. त्याचा सुमारे ९० टक्के साठा आतड्यात असतो, आणि रक्त व मेंदू यांच्यामधील पडदा तो मेंदूत जाऊ देत नाही. म्हणूनच रक्तातील सेरोटोनिनच्या आकड्यावरून नैराश्याचे निदान होत नाही, आणि जळगाव-रावेरच्या केळीत हे रसायन असले तरी ती कितीही खाल्ली तरी ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. खानदेशात केळी खाण्याचा सल्ला ज्या आपुलकीने दिला जातो ती पाहता एवढे लिहिणेही जिवावर येते.

'सेरोटोनिन कमी पडले की मन खचते' या समजुतीचा एक धागा मुंबईतून निघतो. तेथील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकातून मांडला. त्या मुळीतील रेसर्पिन हे द्रव्य पुढे जगभर वापरले जाऊ लागल्यावर काही रुग्ण खिन्न होतात असे आढळले, आणि १९५५ मध्ये ते सेरोटोनिनचा साठा रिता करते असे अमेरिकेत दिसून आले. या दोन निरीक्षणांची सांगड घातली गेली आणि तुटवड्याची कल्पना रुजली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याला मात्र तिच्यासाठी सुसंगत पुरावा सापडला नाही. याचा अर्थ नैराश्यावरील औषध निरुपयोगी असा नव्हे, कारण सर्पगंधेने रक्तदाब उतरतो म्हणून तो सर्पगंधेच्या अभावी चढला होता असे कोणी म्हणत नाही. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे पेशीने सोडलेले सेरोटोनिन पुन्हा शोषून घेण्याची क्रिया, म्हणजे पुनर्ग्रहण, काही तासांतच रोखतात, पण मन सावरण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती टाकी भरायची असती तर इतका वेळ लागला नसता.

प्रस्तुत लेखकाची चूक या टाकीच्या प्रतिमेतूनच झाली. नैराश्यावर धुळ्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी केलेल्या उपचाराने झोप परतली, कामात लक्ष लागू लागले, आणि तिसऱ्या महिन्यात 'टाकी भरली' असे ठरवून त्याने गोळी एका दिवसात बंद केली. धुळ्याची एसटीची खेप वाचेल आणि मेडिकलवर 'डोक्याच्या गोळ्या' मागण्याचा संकोच टळेल, हेही त्यामागे होते. १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर असलेल्या लेखकाच्या अमळनेरात मनाची चर्चा जुनी आहे, मनाच्या औषधाची मात्र अजून दबक्या आवाजातच होते. तिसऱ्या दिवशी भोवळ, मान वळवताच डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास, भडक स्वप्ने आणि विनाकारण रडू सुरू झाले. काही दिवसांत उमटणारी ही लक्षणे औषध तोडल्याची होती. मूळ आजार दीड महिन्याने, पाऊल न वाजवता परतला. दोन्हींतला फरक न कळल्याने मधल्या काळात गोळी मनाने घेणे-सोडणे चालूच राहिले, आणि डॉक्टरांना सांगण्याची लाज वाटल्याने धुळ्याची खेप आणखी लांबली.

बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. या काळात कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल किंवा खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेण्यापूर्वी चालू गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे, कारण चालू गोळीशी त्यांचा संयोग झाल्यास सेरोटोनिनची क्रिया अतोनात वाढून कंप, घाम, जुलाब व संभ्रम उद्भवू शकतो. अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. पूर्वी कधी झोपेविना दिवस काढूनही अंगात उत्साह मावत नव्हता, असे झाले असल्यास तेही पहिल्याच भेटीत सांगावे, कारण द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, ही औषधे एकटी दिल्यास उन्माद उसळू शकतो. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

दुसऱ्या खेपेस लेखकाची मात्रा तीन महिन्यांत उतरवण्यात आली, आणि त्यातला शेवटचा, सर्वांत लहान तुकडा सोडायलाच सर्वाधिक आठवडे लागले.