पाइनच्या ओढ्यावरील वीजघर

कॅनडा देशाच्या नकाशात ब्रिटिश कोलंबिया प्रांत शोधून काढा. त्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, अलास्काच्या सीमेजवळ, एक लांबट सरोवर दिसेल. त्याच्या काठी अ‍ॅटलिन नावाचे चार-पाचशे वस्तीचे गाव आहे. हे नाव ट्लिंगिट लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘मोठे पाणी’ असा होतो. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकच रस्ता आहे, आणि तोही शेजारच्या युकॉन प्रदेशातून येतो. आपल्याच प्रांताच्या इतर भागांत मोटारीने जायचे, तर अ‍ॅटलिनकरांना आधी प्रांताबाहेर पडावे लागते!

ट्लिंगिट हे या भूमीचे मूळ रहिवासी. कॅनडात अशा अनेक आदिवासी समाजांना ‘प्रथम राष्ट्रे’ म्हणतात. येथील ट्लिंगिटांच्या राष्ट्राचे नाव ‘टाकू रिव्हर ट्लिंगिट’ असे आहे. सरोवरात मासे धरावे, रानात शिकार करावी, असा त्यांचा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला होता. १८९८ साली मात्र गावाजवळच्या पाइन नावाच्या ओढ्यात सोन्याचे कण सापडले. ही वार्ता पसरताच हजारो माणसे कुदळी-फावडी घेऊन धावत आली. ओढ्याचे काठ उकरले गेले, वाळू चाळली गेली. ज्यांची ती भूमी होती, त्यांची संमती घ्यावी असे कोणास फारसे वाटले नाही. सोने बाहेर गेले, आणि ते संपत आले तशी माणसेही निघून गेली.

पुढे गावात विजेचे दिवे आले. परंतु प्रांताच्या मोठ्या वीजवाहिन्या इतक्या दूर पोहोचत नव्हत्या. म्हणून डिझेलवर चालणारी जनित्रे बसविण्यात आली. त्यांना वर्षाला दहा लाख लिटरांहून अधिक डिझेल लागे. ते सगळे टँकरमधून त्या एकाच रस्त्याने येई. हिवाळ्यात जेथे पाण्याचा दगड होतो, तेथे या धुराच्या यंत्रांवर सारे गाव अवलंबून होते. आणि वाहता ओढा तर दाराशीच होता!

त्या ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करावी, असे ट्लिंगिटांनी ठरविले. पाइनचा ओढा सरप्राइझ नावाच्या सरोवरातून निघतो. त्या सरोवराच्या तोंडाशी पाणी अडवून साठा करावा, थोडे पाणी नळाने उतारावरून खाली आणावे आणि त्याच्या जोराने चक्र फिरवावे, अशी ही योजना होती. माशांना वर चढता यावे म्हणून बंधाऱ्यात वाट ठेवायची होती. योजना सांगण्यास सोपी आहे. पण तिच्यासाठी पैसा कोठून आणावयाचा?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. डिझेलचे यंत्र त्या मानाने स्वस्तात मिळते, परंतु त्याचे इंधन रोज विकत घ्यावे लागते. पाण्याचे, वाऱ्याचे किंवा उन्हाचे याच्या उलट असते. ओढा, वारा आणि सूर्य पुढे कधी बिल पाठवीत नाहीत. पण बंधारा, नळ आणि यंत्रे यांचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्याच दिवशी हजर होतो. म्हणून अशा वीजघराची मालकी कोणाकडे जाणार, हे बहुधा सुरुवातीलाच ठरते. ज्याच्याजवळ आरंभी भांडवल असते, तो मालक होतो. ज्याच्याजवळ नसते, त्याला जमिनीचे भाडे मिळते आणि फार तर पहारेकऱ्याची नोकरी.

कर्ज काढावे, असे तुम्ही म्हणाल. पण बँक तारण मागते. कॅनडात १८७६ सालापासून ‘इंडियन अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा आहे. (अमेरिका खंडास हिंदुस्थान समजण्याची कोलंबसाची चूक या नावात अजून जिवंत आहे.) त्या कायद्याप्रमाणे आदिवासींच्या राखीव भूमीवरील त्यांची मालमत्ता बाहेरच्या सावकारास गहाण घेता येत नाही, की जप्त करता येत नाही. सावकारी पाशात शेतकऱ्यांच्या जमिनी कशा गेल्या, हे आपण इतिहासात वाचतो. आपल्या राज्यातही आदिवासींची जमीन सरकारी परवानगीवाचून इतरांकडे जाऊ नये, असा कायदा आहे. तेव्हा असे कुंपण का घातले, हे आपल्याला सहज कळेल. परंतु ज्या कुंपणाने चोर बाहेर राहतो, त्याच कुंपणाने कधी कधी घरच्याचीही वाट अडते. तारण नाही म्हणून कर्ज नाही, किंवा मिळाले तरी व्याज जबर, अशी या राष्ट्रांची स्थिती झाली.

अ‍ॅटलिनमध्ये जमिनीऐवजी दुसरीच वस्तू कामास आली, ती म्हणजे एक करार. प्रांताच्या सरकारी वीजमंडळाने २५ वर्षे ही वीज विकत घेण्याचे लिहून दिले. पंचवीस वर्षे गिऱ्हाईक ठरलेले आहे, हे पाहिल्यावर कर्ज देणाऱ्यालाही आपला पैसा परत येईल असा भरवसा वाटतो. काही भाग सरकारी अनुदानाने मिळाला, उरलेल्यासाठी कर्ज काढले गेले, आणि २००९ साली वीजघर सुरू झाले. त्याची शक्ती २,१०० किलोवॅट, म्हणजे मोठ्या धरणांपुढे अगदीच चिमुकली. पण त्या गावाला ती पुरली. संस्थेस ‘खेट्ल’ असे नाव दिले. ट्लिंगिट भाषेत हा मेघगर्जनेचा शब्द आहे. आणि या वीजघरात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही; ते संपूर्णपणे ट्लिंगिटांचे आहे.

लहान योजनेला करार पुरतो. मोठ्या योजनेत भागीदार व्हायचे, तर जामीन लागतो. हे हिशेबानेच पाहू. समजा, एखाद्या समाजाने एक कोटीचे कर्ज घेतले. व्याज शेकडा ९ असेल, तर वर्षाला नऊ लाख व्याजातच जातील. पण सरकारने ‘यांनी फेडले नाही तर मी फेडीन’ अशी हमी दिली आणि त्यामुळे व्याज शेकडा ६ वर आले, तर दरवर्षी तीन लाख वाचतील. सरकारने खिशातून काहीच दिलेले नसते. दिलेला असतो तो शब्द. ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली अशी हमी देण्यास आरंभ केला. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने २०२४ च्या अंदाजपत्रकात अशा हमीसाठी ५०० कोटी डॉलरांची मर्यादा ठरविली आणि २०२५ साली ती दुप्पट केली.

आणखी एक मार्ग आपल्या पतपेढ्यांची आठवण करून देतो. २००५ च्या एका कायद्याने प्रथम राष्ट्रांची स्वतःची वित्तसंस्था निर्माण झाली. एकेकट्या लहान राष्ट्राला कोणी विचारीत नाही. पण अनेकांनी मिळून कर्जरोखे काढले, तर बाजारात पत मिळते. २०१४ साली या संस्थेने पहिले रोखे काढले, ते ९ कोटी डॉलरांचे होते.

मोठ्या भागीदारीचे उदाहरण ह्यूरॉन सरोवराच्या किनारी पाहावयास मिळते. हेनव्ही इन्लेट येथील आदिवासी राष्ट्राच्या राखीव भूमीवर २०१९ साली ८७ पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांची शक्ती ३०० मेगावॅट असून निम्मी मालकी त्या राष्ट्राकडे आहे.

मालकी मिळाली म्हणजे लगेच पैसा हाती येतो, असे मात्र समजू नका. विजेचे उत्पन्न आधी कर्जाच्या हप्त्यांकडे जाते, मग दुरुस्तीकडे, आणि उरले तर समाजाकडे. पहिली कित्येक वर्षे हे उरलेले थोडेच असते. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, तर जामिनाच्या शब्दानेही तो भरून निघत नाही.

हा अनुभव अ‍ॅटलिनलाच आला. पहिले वीजघर नीट चालले म्हणून ट्लिंगिटांनी त्याच पाण्यावर दुसरे, बरेच मोठे वीजघर बांधून थंडीच्या दिवसांत युकॉनला वीज विकण्याचे योजिले. जानेवारी २०२२ मध्ये युकॉनच्या वीजसंस्थेशी ४० वर्षांचा करारही झाला. ओढ्यात पाणी होते, गिऱ्हाईक होते; पण बांधकामाचा खर्च वाढत गेला आणि जमविलेला पैसा अपुरा पडला. त्या तुटीपाशी काम अडले. २००९ चे लहान वीजघर मात्र गावाला दिवे देत राहिले, आणि डिझेलची जुनी यंत्रे अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यात आली.