काचबिंदूचे थेंब : रोज का व कसे घालावेत?

काचबिंदू म्हणजे काय?

डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो व बारीक मार्गांनी त्याचा निचरा होतो. हा निचरा मंदावला की डोळ्यातील दाब वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला हळूहळू इजा होते. हाच काचबिंदू. यात प्रथम कडेची नजर कमी होते. समोरचे स्पष्ट दिसत राहिल्याने बहुतेकांना बराच काळ काहीच जाणवत नाही. मोतीबिंदूमुळे मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

थेंब काय करतात?

काही थेंब द्रवाची निर्मिती कमी करतात, काही निचरा वाढवतात. दोन्ही प्रकारांनी दाब उतरतो. परंतु औषधाचा परिणाम ठरावीक तासच टिकतो. म्हणून काही थेंब दिवसातून एकदा, तर काही दोन किंवा अधिक वेळा दिले जातात.

थेंब घातल्याने अधिक दिसू लागत नाही आणि एक दिवस चुकला तरी दुखत नाही. त्यामुळे ‘काही फरक पडत नाही’ असे समजून अनेकजण औषध सोडतात. वस्तुतः आहे ती दृष्टी टिकून राहणे, हाच या औषधाचा गुण होय.

खाडा लपवू नये

तपासणीच्या आधी दोन-चार दिवसच थेंब नियमित घातले, तर त्या दिवशी दाब ठीक दिसतो. मात्र मधल्या महिन्यांत नसेला झालेली इजा भरून निघत नाही. उलट, दाब वाढलेला दिसला आणि खाडे सांगितले नाहीत, तर औषध अपुरे पडते असे वाटून डॉक्टर दुसरे औषध किंवा शस्त्रक्रिया सुचवू शकतात. म्हणून किती वेळा थेंब चुकले हे मोकळेपणाने सांगावे. तपासणीच्या दिवशीही थेंब नेहमीप्रमाणे घालावेत.

थेंब घालण्याची रीत

१. हात साबणाने धुवावेत.
२. मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढावी व तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात त्याहून अधिक औषध मावत नाही.
३. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा बोटांना लावू नये.
४. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. त्यामुळे औषध नाकावाटे घशात कमी उतरते.
५. दुसरे औषध असल्यास किमान पाच मिनिटांनी घालावे.
६. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यानंतर चार आठवड्यांनी टाकून द्याव्या लागतात. वेष्टनावरील सूचना पाहावी.

थेंब विसरल्यास आठवताच घालावा. पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेला सोडून द्यावा. दुप्पट थेंब घालू नयेत.

अडचण आल्यास

डोळे लाल होणे किंवा चुरचुरणे, हात थरथरणे, औषधाचा खर्च न परवडणे, यांपैकी काहीही असले तरी औषध स्वतःहून बंद करू नये; डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते, तसेच जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय मिळतो का, हेही विचारता येते. दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असल्यास तेही आधीच सांगावे. काही थेंबांनी तो त्रास वाढतो. उपवासात किंवा रोजाच्या काळात थेंबांची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी, खाडा करू नये.

डोळ्यात अचानक तीव्र वेदना व लाली, दिव्याभोवती रंगीत वलये किंवा त्यासोबत उलटी झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

घरच्यांनी काय करावे?

थेंबांची वेळ रोजच्या एखाद्या कामाशी जोडून द्यावी. जसे सकाळचा चहा किंवा रात्रीचे अंथरूण. हात स्थिर नसलेल्या वडीलधाऱ्यांना थेंब आपण घालावेत. बाटली संपण्यापूर्वी नवी आणावी. गावी किंवा लग्नकार्याला जाताना ती सोबत घ्यावी.

काचबिंदू अनेकदा कुटुंबात आढळतो. म्हणून रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनी त्रास नसला तरी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर तर ती टाळूच नये.